विश्लेषण : साहेबाचा राग कामगाराच्या घरात कसा शिरतो? आणि कायदा त्याला कुठे अडवतो?

चिकलठाणा एमआयडीसीला लागून असलेली मुकुंदवाडी ही छत्रपती संभाजीनगरातील कामगारांची वस्ती. जालना रोडने पूर्वेला गेले की चिकलठाणा, पुढे शेंद्रा; पश्चिमेला सगळे शहर ओलांडले की वाळूज. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली माणसे इथे एक-दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतात आणि कंपनीची पाळी हेच घराचे घड्याळ असते. कंपनीतून घरात येणाऱ्या पगाराचा, ओव्हरटाइमचा, बोनसचा हिशेब महिन्याच्या महिन्याला होतो. लाइनवर दहा जणांसमोर खाल्लेली शिवीही त्याच बसने घरी येते. तिचा हिशेब ना कंपनी ठेवते, ना सरकार. घरचे लोक मात्र तो रोज भरतात.

गेल्या काही वर्षांत कामाच्या ठिकाणच्या मानसिक छळाची चर्चा वाढली आहे. बहुतेक वेळा ती एखाद्याचा जीव गेल्यावर सुरू होते आणि ‘गुन्हा दाखल करा’ या मागणीपाशी थांबते. हा मार्ग पुढे कुठे जातो, हे याच शहरातील एका प्रकरणाने दाखवून दिले आहे.

वरिष्ठांचा ‘छळ’ नेमका कशाला म्हणायचे?

काम चुकल्यावर साहेब रागावला, म्हणजे छळ झाला असे नव्हे. अमेरिकी अभ्यासक बेनेट टेपर यांनी २००० मध्ये या विषयावर जो शोधनिबंध लिहिला, तो पुढच्या बहुतेक अभ्यासांचा पाया ठरला. त्यांची व्याख्या सोपी आहे : अंगाला हात न लावता, पण बोलण्यातून आणि वागण्यातून वरिष्ठाने सातत्याने दाखवलेले वैर. यात ‘सातत्याने’ हा शब्द महत्त्वाचा. चारचौघांत पाणउतारा करणे, केलेल्या कामाचे श्रेय न देणे, जुन्या चुका पुन्हा पुन्हा उगाळणे, महिनाभर एक शब्दही न बोलणे, दुसऱ्याचा राग हाताखालच्यावर काढणे हे सगळे त्यात येते.

टेपर यांना आढळले की असा वरिष्ठ लाभलेल्या माणसांचे कामातले समाधान कमी होतेच, पण एकूण आयुष्यातले समाधानही घटते, मानसिक ताण वाढतो आणि नोकरी व घर यांची ओढाताण वाढते. त्यांचे आणखी एक निरीक्षण मुकुंदवाडीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. ज्याला दुसरी नोकरी सहज मिळण्यासारखी नाही, त्याच्यावर या वागणुकीचे परिणाम जास्त तीव्र होतात. ज्याच्या हातात दुसरी ऑफर आहे, तो साहेबाला मनातल्या मनात चार शब्द सुनावून राजीनामा टाकतो. ज्याच्या डोक्यावर खोलीचे भाडे, मुलाची फी आणि बचत गटाचा हप्ता आहे, तो मान खाली घालून उभा राहतो. दोघांनी ऐकलेली शिवी एकच. तिचे वजन एक नसते.

हा राग घरापर्यंत कसा पोहोचतो?

मराठीत याला ‘वड्याचे तेल वांग्यावर’ म्हणतात. मानसशास्त्रात त्यालाच विस्थापित आक्रमकता असे जड नाव आहे. जिथे राग आला तिथे तो काढता येत नाही, कारण समोरच्याच्या हातात आपली रोजी असते. म्हणून तो जिथे काढणे सोपे, तिथे निघतो. जेनी हूबलर आणि डॅनियल ब्रास या अभ्यासकांनी २००६ मध्ये हेच तपासले. वरिष्ठ, त्याच्या हाताखालचा कर्मचारी आणि त्या कर्मचाऱ्याच्या घरातील एक व्यक्ती अशा तिघांच्या २१० संचांकडून त्यांनी माहिती घेतली. ज्यांना कामावर अशी वागणूक मिळत होती, त्यांच्या घरच्यांनी टोमणे, चिडचिड आणि अबोला यांची तक्रार अधिक केली. कंपनी आपल्यावर अन्याय करते आहे अशी भावना असलेले वरिष्ठच हाताखालच्यांशी तसे वागताना दिसले, हेही त्यात आढळले. म्हणजे शिवी सुपरवायझरपासून सुरू होते असेही नाही. तिला बऱ्याचदा त्याच्या वरच्या मजल्यावरून निघालेले टार्गेट कारण असते. २०११ मध्ये डॉन कार्लसन व सहकाऱ्यांनी २८० नोकरदार आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला. त्यातही कामावरचा ताण जोडीदाराच्या घरातील समाधानावर उतरल्याचे दिसले.

हे अभ्यास परदेशातले आहेत आणि तिथली घरे मोठी. दहा बाय दहाच्या खोलीत राग वेगळ्या खोलीत जाऊन बसू शकत नाही. नाइट शिफ्ट करून आलेला माणूस दिवसा झोपतो तेव्हा मुलांनी आवाज करायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, शेजारणीने हाक मारायची नाही. झोप लागत नसेल तर ही शांतता आणखी ताणली जाते. त्यात आता मोबाइल. पूर्वी गेटबाहेर पडले की साहेब मागे राहायचा. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तो जेवताना समोर असतो. सुट्टीच्या दिवशी ‘उद्या लवकर ये’ असा मेसेज येईल या धास्तीनेच सुट्टी संपते.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट केली पाहिजे. साहेबाने छळले म्हणून बायकोवर हात उगारला, हे स्पष्टीकरण असेल, सबब नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा अशी सबब मान्य करत नाही आणि करूही नये. शिवाय हा ताण फक्त नवऱ्याकडून बायकोकडे वाहतो असेही नाही. कंपनीत, पतपेढीत, दवाखान्यात काम करणाऱ्या हजारो बायका तो ताण घेऊन घरी येतात आणि आल्या आल्या गॅस पेटवतात. त्यांना तो काढायला वांगेही मिळत नाही.

शरीरावरचा परिणाम हळू असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. ही आकडेवारी तासांची आहे, शिव्यांची नाही. पण जिथे ‘नाही’ म्हणण्याची सोय नसते, तिथे तासही वाढत जातात.

औरंगाबादचे ते प्रकरण काय होते?

ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, शिक्षण उपसंचालक कार्यालयात काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने राहत्या घरी जीवन संपवले. पत्नीने पोलिसांत फिर्याद दिली. वरिष्ठ पतीकडून अतिरिक्त काम करून घेत, सकाळी दहा ते रात्री दहापर्यंत थांबवून ठेवत, अवेळी व सुट्टीच्या दिवशीही बोलावत, महिनाभराचा पगार रोखला होता आणि वेतनवाढ थांबवण्याची धमकी दिली होती, असे तिचे म्हणणे होते. घरात तो गप्प गप्प राहू लागला होता, असेही तिने सांगितले. मृत्यूपूर्वी लिहिलेली चिठ्ठी नव्हती.

वरिष्ठ अधिकाऱ्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या ३०६ व्या कलमाखाली गुन्हा दाखल झाला. तो रद्द करण्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०१८ मध्ये नकार दिला. त्याने जीव द्यावा असा आरोपींचा हेतू नसला, तरी त्यांनी प्रचंड मानसिक ताणाची परिस्थिती निर्माण केली असेल तर ते प्रवृत्त करणेच होय, असा खंडपीठाचा सूर होता. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला आणि गुन्हा रद्द केला. जीव देण्यास भाग पाडण्यासाठी मुद्दाम परिस्थिती निर्माण केली गेली तर ३०६ लागू होऊ शकते; पण कामाचा बोजा, रोखलेला पगार आणि वेतनवाढीची धमकी एवढ्या गोष्टी त्यासाठी पुरेशा नाहीत, असा त्या निकालाचा आशय.

फिर्यादीतील सगळ्यात महत्त्वाचा तपशील कायद्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचा ठरला : माणूस घरात गप्प झाला होता. तो घरच्यांना दिसला. कार्यालयाला दिसला नाही, आणि दिसला असता तरी त्याची नोंद करायला तिथे रकाना नव्हता.

मग न्यायालये वरिष्ठांच्या बाजूची आहेत का?

असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. फौजदारी कायदा हेतू शोधतो आणि तो शोधायलाच हवा. नाहीतर काम नीट कर म्हणणारा प्रत्येक मुख्याध्यापक, प्रत्येक फोरमन उद्या आरोपी होईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांवरील असाच गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने नात्यांतला फरक सांगितला. घरच्या, जवळच्या नात्यात एखादा शब्द जितका लागतो, तितका तो कार्यालयीन नात्यात लागेल असे गृहीत धरता येत नाही. कार्यालयातील अपेक्षा कायदा आणि नियमांनी ठरलेल्या असतात, असे न्यायालयाचे म्हणणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात, कामावरून वरिष्ठाने सुनावले एवढ्याने हेतुपुरस्सर अपमानाचा गुन्हा होत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

कायद्याचा तर्क समजण्यासारखा आहे. पण कार्यालयातला शब्द कमी लागतो, हे गृहीतक मुकुंदवाडीत बसून पटत नाही. दिवसाचे बारा तास ज्याच्या समोर जातात आणि ज्याच्या एका वाक्यावर महिन्याचा किराणा ठरतो, त्याचा शब्द भावाच्या शब्दाहून हलका कसा? प्रश्न न्यायालयाच्या दाराशी चुकीच्या वेळी पोहोचतो, हे खरे दुखणे आहे. माणूस गेल्यावर पोलीस येतात. तो जिवंत असताना, गप्प होत असताना, कोणाकडे जायचे याचे उत्तर फौजदारी कायद्यात नाही.

लैंगिक छळाबाबत ते उत्तर आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती आणि बाकीच्यांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती सक्तीची केली. जातिवाचक शिवीगाळीसाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे. जात आणि लिंग यांच्या पलीकडच्या रोजच्या मानहानीसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. १९४६ च्या जुन्या कायद्याखालील आदर्श स्थायी आदेश पाहा. आज्ञाभंग, उशिरा येणे, गोंधळ घालणे अशा कामगाराच्या गैरवर्तनाची लांबलचक यादी त्यात होती. हाताखालच्याला रोज घालून पाडून बोलणाऱ्या वरिष्ठासाठी वेगळे कलम नव्हते.

पुण्यातील प्रकरणाने काय पुढे आणले?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगमध्ये काम करणाऱ्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. दिवस संपताना काम हाती देणारे व्यवस्थापक, रात्री उशिरापर्यंतचे आणि सुट्टीतले काम, आणि पदवीदान समारंभाच्या दिवशीही दुपारपर्यंत काम करत राहिल्याने तिथे उशिरा पोहोचलेले कुटुंब, असे तपशील त्यात होते. कामाच्या ताणामुळे जीव गेला असे आम्हाला वाटत नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली.

याच सुमारास राज्याच्या कामगार विभागाचे अधिकारी कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात गेले. तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीच नसल्याचे समोर आले. कार्यालय २००७ पासून चालू होते. हा कायदा तेव्हा दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत होता. ज्या कार्यालयाची नोंदच नाही, तिथले तास कोण मोजणार? कायदा नाही ही एक अडचण. असलेला कायदा सतरा वर्षे कोणी तपासला नाही, ही त्याहून मोठी.

कंत्राटी कामगार कोणाकडे जाणार?

महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे, आकसाने बदली करणे, काहींनाच झुकते माप देणे यांविरुद्ध त्याखाली कामगार किंवा औद्योगिक न्यायालयात दाद मागता येते आणि तक्रार साधारणपणे ९० दिवसांत करावी लागते. देशात हा कायदा त्या काळी पुढचा मानला गेला. पण २००१ मध्ये सिप्ला आणि कल्याणी स्टील्स या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-नोकर हे नातेच वादात असेल तर या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी ते नाते दुसरीकडे सिद्ध करून या. ठेकेदाराच्या नावावर काम करणाऱ्याचे दार तिथेच लागते.

काम कंपनीत, शिवी कंपनीच्या सुपरवायझरची आणि कागदावर मालक ठेकेदार. कंपनीकडे गेले तर ‘तुमच्या ठेकेदाराला सांगा’, ठेकेदाराकडे गेले तर ‘जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका’. काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा घ्यायचे की नाही हे त्याच सुपरवायझरच्या शब्दावर ठरते. टेपर यांनी ज्याला दुसरी नोकरी मिळणे कठीण असे म्हटले, तो माणूस हाच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे. तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने, जास्तीत जास्त दहा सदस्य, एक वर्षाच्या आत तक्रार आणि ३० दिवसांत निकाल, अशी रचना आहे. कागदावर ही जागा चांगली आहे, कारण इथे हेतू सिद्ध करावा लागत नाही आणि कोणाचा जीव जाण्याचीही वाट पाहावी लागत नाही. पण रोजची मानहानी ही ‘तक्रार’ आहे, हे कुठे स्वच्छ लिहिलेले नाही. राज्य सरकारला नियमांतून ते लिहिता येईल. कंत्राटी कामगाराची तक्रार मूळ कंपनीच्या समितीने ऐकावी आणि समितीच्या सदस्यांची नावे मराठीत गेटवर लावावीत, एवढ्या दोन ओळींनी चिकलठाणा-शेंद्रा पट्ट्यात जे होईल, ते दहा कार्यशाळांनी होणार नाही. ध्यानधारणेची शिबिरे घेणाऱ्या कंपन्यांनी आधी आपल्या फोरमनच्या तोंडाकडे पाहावे.

इतर देशांनी काय केले?

फ्रान्सने २००२ मध्ये मानसिक छळ हा गुन्हा केला. फ्रान्स टेलिकॉममध्ये हजारो लोकांना कमी करण्यासाठी राबवलेल्या धोरणानंतर कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या. तिथे एकेका साहेबाचा स्वभाव नव्हे, तर कंपनीचे धोरणच छळाचे साधन ठरवून डिसेंबर २०१९ मध्ये माजी प्रमुखांना आणि कंपनीला दोषी धरले गेले. जानेवारी २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानेही दोष कायम ठेवला. जपानमध्ये ‘पॉवर हॅरासमेंट’ रोखण्याची जबाबदारी २०२० पासून मोठ्या आणि २०२२ पासून लहान कंपन्यांवर आहे. ऑस्ट्रेलियात २०१४ पासून कर्मचारी नोकरीत असतानाच आयोगाकडे जाऊन छळ थांबवण्याचा आदेश मागू शकतो. यांतला हा शेवटचा मार्ग आपल्याला सर्वांत उपयोगी, कारण तो भरपाई मोजत बसत नाही, फक्त थांबवतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या करारात कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ यांत मानसिक इजाही येते. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही.

आज काय करता येते?

तारीख, वेळ, शब्द आणि समोर कोण होते हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. ग्रुपवरचे मेसेज पुसू नयेत. तोंडी तक्रार तक्रारच नसते, म्हणून अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. एकट्याचा अर्ज आणि लाइनवरच्या आठ जणांच्या सह्यांचा अर्ज यांत काय फरक पडतो, हे जुन्या युनियनवाल्यांना विचारावे. जादा तास, रोखलेला पगार हे कामगार उपायुक्त कार्यालयात नेण्याचे विषय आहेत आणि शिवीपेक्षा ते सिद्ध करणे सोपे आहे. बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी जोडीनेच सापडतात.

घरच्यांनी चिडचिडीपेक्षा अबोल्याकडे जास्त लक्ष द्यावे. झोप उडणे, कामावर जायच्या वेळी पोटात गोळा येणे, आवडीच्या गोष्टीतून मन उठणे, ‘माझ्यामुळेच तुम्हाला त्रास’ असे बोलणे ही थांबून विचारण्याची वेळ असते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधील कामाचे तास नऊवरून दहा आणि कारखान्यांतील तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली. गुंतवणूक वाढेल आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला मिळेल, असे त्याचे समर्थन केले गेले. मुकुंदवाडीहून वाळूजला जाणाऱ्याने बारा तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, की झोप, आंघोळ, जेवण, मुले, आजारी आई आणि भांडण मिटवणे या सगळ्यांसाठी दिवसाचे दहा तासही उरत नाहीत. त्या निर्णयावरच्या चर्चेत मोबदल्याचा दर होता, तासांची मर्यादा होती. त्या बारा तासांत लाइनवर कोण कोणाशी कसे बोलेल, हा विषय कोणाच्याच टिपणात नव्हता.